पाय नेमका कुठं? जुन्नर-आंबेगावच्या होतकरूंसाठी स्की-मार्गदर्शिका

ज्यांच्या घरात स्की येऊन पडली आहे आणि तिचं पुढं काय करायचं हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे.

स्की येते कशी, हे आता सांगायला नको. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, कुठल्याही गावात बघा, दोन-चार घरांतलं कुणी ना कुणी परदेशात आहेच. भाचा डेन्व्हरमध्ये घर बदलतो, सामान कमी करतो. मायक्रोवेव्ह शेजाऱ्याला, सोफा रस्त्यावर आणि स्की मामाला. १७७ सेंटिमीटरचा जोड, दोन्ही टोकं वर वळलेली, आणि वर बूट अडकवायला काहीही नाही. बायंडिंग वेगळ्या खोक्यात. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ : ‘मामा, पार्कची आहे, सेंटरला माउंट करून घे.’ मामांना त्यातलं ‘करून घे’ तेवढं कळतं.

तर आधी पार्क. टेरेन पार्क म्हणजे बर्फाच्या उतारावर मुद्दाम रचून ठेवलेले अडथळे. उडी घ्यायला बर्फाचे उंचवटे, आडवं घसरत जायला लोखंडी पाइप आणि पेट्या. ज्यांच्या रस्त्यात अडथळे आपोआप तयार होतात, त्यांना पैसे भरून अडथळ्यांवर जाणं पटायला वेळ लागतो. पण तिकडे तो खेळ आहे, आणि २०१४ च्या सोची ऑलिंपिकपासून त्याला पदकही आहे.

पूर्वी स्कीला पुढचं टोक वळलेलं असे आणि मागचं सपाट. म्हणजे कुठं जायचं ते स्कीनेच ठरवलेलं. नव्वदच्या दशकात काही कॅनेडियन पोरांना उलटं उतरायची हौस आली. माइक डग्लस, जे. पी. ऑक्लेअर ही त्यांतली नावं. मागचं टोकही वळवून द्या, असं ते कंपन्यांना सांगत फिरले आणि सालोमाँ या फ्रेंच कंपनीने ते मनावर घेतलं. १९९८ च्या सुमारास ‘टेन-एटी’ नावाची स्की बाजारात आली; हवेत तीन गिरक्या घेतल्या की १०८० अंश होतात, म्हणून ते नाव. त्या दिवसापासून स्कीला दोन्हीकडून तोंड आलं, आणि पाय नेमका कुठं ठेवायचा हा वाद सुरू झाला. तो अजून मिटलेला नाही. आपल्या भागातली भावकी बघता हे काही फार जुनं प्रकरण नाही.

पायरी शून्य : बर्फ

ही पायरी आपल्याकडे नाही. पुढे चला.

तरीही कुणी विचारेलच, म्हणून सांगून टाकतो. सह्याद्री लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झाला आहे, त्यामुळे त्याला मधलं काही जमत नाही. एकतर वर सपाट पठार, नाहीतर खाली सरळ कडा. जीवधन, चावंड, हडसर, कुठंही जा. नाणेघाटाच्या कड्यावर उभं राहिलात की समोर कोकण दिसतं, पण तिथं पोचायला उतार नाही, थेट पोकळी आहे. स्कीला लागतो लांबच लांब, अंगावर न येणारा उतार. आणि आकाशातून बर्फ पडायचाच झाला तर आपल्याकडे तो गारपिटीच्या रूपाने पडतो, द्राक्षं आणि कांदा काढणीला आल्यावर. त्या दिवशी हातात स्की घेऊन शिवारातून फिरू नये. ही सूचना खेळाची नाही, जिवाची आहे.

पहिली पायरी : मध्य

स्कीचा मध्य काढणं सोपं वाटतं. टेप घ्यायची, निम्मं करायचं. पण टेप स्कीच्या अंगावरून, वळणावरून नेली की एक लांबी येते आणि टोकापासून टोकापर्यंत हवेतून सरळ धरली की दुसरी. स्कीवर १७७ छापलेलं असतं आणि सरळ टेपने १७५ भरतं. यात दुकानदाराने फसवलेलं नाही. कंपन्या लांबी वेगवेगळ्या तऱ्हेने मोजतात, कुणी टोकं वळवायच्या आधीची सांगतं. तुम्ही सरळ टेप धरा, निम्मं करा, तिथं कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलने रेघ मारा. पेन्सिलनेच. बॉलपेन घेऊ नका, कारण ही रेघ अजून बरीच फिरणार आहे.

हा झाला भूमितीचा मध्य. आता स्की नीट न्याहाळा. कंपनीनेही तिच्यावर एक बारीक खूण छापलेली असते, बहुतेक वेळा बाजूच्या कडेला, शोधल्याशिवाय न सापडणारी. ती तुमच्या रेघेवर येणार नाही. साध्या, सगळीकडे चालणाऱ्या स्कीवर ती मध्याच्या आठ ते बारा सेंटिमीटर मागे असते. पार्कच्या स्कीवर मध्यावरच, किंवा दोन-तीन सेंटिमीटर मागे. बुटाच्या तळव्याच्या कडेलाही मध्याची एक खूण असते. बुटाची खूण स्कीवरच्या ज्या खुणेवर आणाल, ती तुमची जागा.

आणि घात इथंच होतो. भाचा सांगतो, ‘दोन पुढे घे.’ कशापासून दोन पुढे? कंपनीच्या खुणेपासून की खऱ्या मध्यापासून? ‘फाट्यावरून पुढं दोन किलोमीटर’ असं सांगणाऱ्या माणसाला कुठला फाटा हे आपण विचारत नाही आणि मग आळेफाट्याऐवजी भलत्याच फाट्यावर उभे असतो, तसलाच प्रकार. कंपनीची खूण जर आधीच मध्याला चिकटलेली असेल, तर तिच्यापुढे दोन घेऊन तुम्ही मध्याच्याही पुढे जाल. मग मागे शेपूट लांब, पुढे तोंड आखूड. सुलटं चालताना तुमची स्की जन्मभर उलटी चालल्यासारखी वाटेल. आकडा सांगणाऱ्याला आधी ‘कुठून?’ विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही तर त्याचा आकडा सोडून द्या, मग तो भाचा का असेना.

दुसरी पायरी, जी खरं तर पहिलीच्या आधी करायची होती

तुम्ही उलटे उतरणार आहात का?

प्रश्न टाळू नका. पाय मध्यावर आणले की पुढचं आणि मागचं वजन सारखं होतं. गिरकी घ्यायला सोपं जातं, उलटं उतरायला सोपं जातं, पाइपवर आडवं घसरताना दोन्ही टोकं समतोल राहतात. उडीवरून मागे कलून पडलात तर मागची लांब शेपूट थोडंफार सांभाळून घेते. पण वेगात स्की थरथरते, आणि मऊ, खोल बर्फात पुढची आखूड बाजू खाली बुडते. पाय मागे नेले की उलट. वेगात स्थिर, खोल बर्फात नाक वर, पण हवेत गिरकी घेताना पुढचं लांब टोक ओढत राहतं.

थोडक्यात, मध्य निवडणारा माणूस ‘मला दोन्हीकडे जायचं आहे’ असं जाहीर करत असतो. आपल्या भागातलं राजकारण बघितलेल्याला हे पटकन उमगेल, पण मार्गदर्शिकेचा विषय तो नाही.

तिसरी पायरी : गाडीकडे बघा

ही पायरी परदेशातल्या कुठल्याच मार्गदर्शनात मिळायची नाही, त्यामुळे जरा थांबून वाचा.

गाळपाच्या हंगामात निवृत्तीनगरच्या विघ्नहर कारखान्याच्या किंवा पारगावच्या भीमाशंकर कारखान्याच्या रस्त्याला उभे राहा. उसाच्या टायरगाड्या येतात. फडात गाडी भरताना बघायला मिळालं तर आणखी चांगलं. भरणारा मोळ्या नुसत्या रचत नाही, आखावर तोलून रचतो. बोजा आखाच्या पुढे गेला की सगळं बैलांच्या मानेवर येतं. मागे गेला की गाडी उलाळते, जू वर उठतं, आणि बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्या वर ओढल्या जातात. मग गडी काय करतो? थोड्या मोळ्या चढवल्या की पुढे येतो, बैल न जुंपलेलं जू हाताने उचलून बघतो. अगदीच अलगद उठलं तर चार मोळ्या पुढे. दोन हात लावूनही हललं नाही तर चार मागे. पुन्हा उचलून बघतो. जू थोडं मानेवर टेकलेलं राहिलं पाहिजे, जड होता कामा नये. मग बैल आणतो.

या माणसाला कुणीही सेंटिमीटर सांगितलेले नाहीत. ऊस ओला की वाळलेला, लांब की खुरटा, पुढे चढ आहे की उतार, बैल तरणे की थकलेले, यावर त्याची जागा रोज बदलते. उतार असला की बोजा आपोआप पुढे येतो हे तो आधीच धरून चालतो. परदेशातली पार्कवाली मंडळी वर्षानुवर्षं ‘उणे दोन की उणे तीन’ (म्हणजे मध्याच्या किती सेंटिमीटर मागे) म्हणून भांडतात, आणि फडातला हा गडी एका उचलीत ते ठरवून मोकळा होतो. फरक एवढाच की त्याला चुकल्यावर मोळ्या उतरवता येतात. तुम्ही स्कीला भोक पाडणार आहात.

म्हणून शक्य असेल तर आधी पुढे-मागे सरकणारं बायंडिंग मिळवा. भाड्याच्या स्कींवर तसंच असतं. रुळावर बसवलेलं, कळ दाबून सरकवायचं. दिवसभर मध्यावर उतरा, मग एक सेंटिमीटर मागे, मग आणखी एक. गुडघ्याला जिथं बरं वाटेल तिथं पेन्सिल चालवा.

घाटाबद्दल एक गैरसमज

काही उत्साही वाचक म्हणतील, उतार कशाला शोधायचा, आपल्याकडे घाट आहेत की. बैलगाडा शर्यतीचा घाट गावोगाव आहे, सरळ आहे, रुंद आहे, बाजूला प्रेक्षकांची सोय आहे, आणि ‘भिर्रर्र…’ म्हणणारा निवेदक गाव पुरवतं.

पण घाट चढायचा असतो. गाडे खालून सुटतात आणि वर निशाणाकडे जातात. तुम्ही निशाणाकडून खाली निघालात, तर बारा-तेरा सेकंदांत समोरून चार बैल येतील, त्यांच्यापुढे घोडी असेल, आणि तुम्ही नेमके मध्यावर उभे असाल. बायंडिंगच्या अर्थाने नव्हे, घाटाच्या अर्थाने.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या आणि १६ डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी दिली. साडेसात वर्षं होऊन गेली, म्हणजे हिशेबाने साडेसातीच. एवढा काळ घाट मोकळे पडून होते. तेव्हा कुणी तिथं लोखंडी पाइप पुरले असते तर निदान उपयोग तरी झाला असता. आता उशीर झाला. १८ मे २०२३ ला घटनापीठानेही शर्यतींचा कायदा वैध ठरवला, आणि घाट पूर्ववत बैलांचे झाले.

दुसरी अडचण याहून खोल आहे. सातारा-सांगलीकडे छकड्यावर माणूस असतो, तो बैल हाकतो. आपल्याकडच्या घाटात गाड्यावर कुणीच नसतं. गाडा रिकामा पळतो. पुढचं कांडं कुणाचं लावायचं, जुकाटाला कोणता बैल टिकतो, एकाचा बैल आणि दुसऱ्याचा बैल एकत्र जुंपले तर सूत जमेल का, यावर आपली माणसं आदल्या रात्री घसा बसेपर्यंत वाद घालतात आणि सकाळी तरीही ऐनवेळी बैल बदलतात. बैल कुठं जुंपावा यात आपण जगाला शिकवू. पण पळणाऱ्या वस्तूवर माणसाने नेमकं कुठं उभं राहावं हा प्रश्न आपल्या परंपरेपुढे कधी आलाच नाही, कारण माणूस खाली ठेवून गाडा पळवायचा, हा तोडगा आपण फार पूर्वी काढला. स्कीच्या बाबतीतही तो लागू पडतो. उतारावर स्की एकटी सोडली तर ती फार सुंदर जाते.

चौथी पायरी : भोक

इथून पुढे गंमत कमी आणि काम जास्त.

बूट हातात असल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही. बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये टाचेजवळ कोरलेली असते. बायंडिंगचा पुढचा आणि मागचा भाग किती अंतरावर बसवायचा ते त्यावरून ठरतं. भाच्याने बूट पाठवले नसतील तर काम इथंच थांबलं. मामांचा आठ नंबरचा कोल्हापुरी यात बसत नाही.

स्कीवर बहुधा भोकाचा आकडाही छापलेला असतो. आत धातूचा पत्रा असलेल्या स्कीला ४.१ मिलिमीटरचा बिट, साध्या स्कीला ३.५, आणि खोली ९. हा आकडा घेऊन मंचरच्या किंवा जुन्नरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलात की असा संवाद होतो :

‘चार पॉइंट एकचा बिट आहे का?’

‘चार आहे. साडेचार आहे. काय भिंतीला मारायचंय?’

‘स्कीला.’

‘कशाला?’

‘पायात घालून घसरायची फळी असते, तिला.’

‘मग पॉइंट एकनं काय घसरायचं राहतंय का?’

राहतं. चारने भोक तंग होतं, स्क्रू आवळताना वरचा थर फुगतो. साडेचारने ढिलं होतं आणि पहिल्याच उडीला बायंडिंग बुटासकट निघून येतं. स्क्रूही दिसायला आपल्या स्टारचा, पण त्याच्या चार पाकळ्यांच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा असतात. त्याला पोझिड्राइव्ह म्हणतात. नेहमीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की डोकं खरवडून टाकतो.

सुतारमामांना बोलवायचं ठरवलंत तर त्यांना मिलिमीटर सांगू नका, सूत सांगा. इंचात आठ सूत. नऊ मिलिमीटर म्हणजे तीन सुताला किंचित कमी. सुतारमामा बिटाला तेवढ्यावर चिकटपट्टी गुंडाळतील, म्हणजे पट्टी टेकली की थांबायचं. परदेशातल्या दुकानांत त्यासाठी खास अडसर असलेला बिट मिळतो; मामांच्या पट्टीने तेच काम होतं. भोक पडलं की स्की उलटी करून भुसा झटकतील, आत थोडा गोंद सोडतील, हाताने स्क्रू लावतील, मशिनने नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं आणि तेच बरोबर असतं. एका गोष्टीवर मात्र ते तुमचं ऐकणार नाहीत. दोन्ही स्की शेजारी ठेवून गुण्या लावतील आणि म्हणतील, ‘कंपनीची खूण दोन्हीला सारखी नाही.’ ऐका त्यांचं. अर्धा सूत फरक निघू शकतो. दोन्ही पायांत वेगवेगळी जागा असण्यापेक्षा दोन्ही पायांत सारखीच चूक असलेली परवडते.

खोडदच्या आसपास राहत असाल तर ड्रिल दुसऱ्या गावात नेऊन चालवा. तिथं आणि आजूबाजूला पसरलेल्या जीएमआरटीच्या तीस दुर्बिणी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, विश्वाच्या टोकाकडून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपत बसल्या आहेत. तुमच्या मशिनचा रेडिओ-गोंगाट त्यांना क्षीण वाटणार नाही.

जागा चुकली तर? जुनी भोकं प्लास्टिकच्या बुचाने आणि गोंदाने बुजवायची आणि नवीन भोक जुन्यापासून निदान एक सेंटिमीटर लांब पाडायचं. म्हणजे ‘अर्धा सेंटिमीटर मागे घेऊ’ हा पर्याय उरत नाही. चूक करायची तर ऐसपैस करा.

पाचवी पायरी : सुटणं

बायंडिंग धरून ठेवतं, तसंच पडल्यावर ते सुटायलाही हवं. कितीला सुटायचं त्याचा आकडा असतो. वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुम्ही किती धाडसी आहात यावरून तक्त्यात बघून तो ठरतो. यातलं शेवटचं उत्तर प्रत्येक पुरुष चुकीचं देतो. आकडा वर ठेवला की बायंडिंग सुटत नाही, गुडघा सुटतो. हे काम सुतारमामांचं नाही, हार्डवेअरच्या दुकानातल्या माणसाचं नाही, भाच्याचं तर नाहीच. जिथं स्कीची माणसं आहेत तिथं, यंत्रावर तपासून घ्यायचं.

आणि तशी माणसं गुलमर्गला आहेत, औलीला आहेत, मनालीला आहेत. नवशिक्यांचे वर्ग तिथं चालतात. म्हणजे श्रीनगरचं विमान, तंगमर्गची गाडी, आणि वर साधारण २६५० मीटरवर गुलमर्ग. आपल्या कळसूबाईच्या शिखरावर आणखी हजार मीटर चढवले की तिथं पोचतो. पण तिथं पोचल्यावर लक्षात येतं की गुलमर्गचं नाव आहे ते खोल, भुसभुशीत बर्फासाठी. गोंडोला, म्हणजे केबलकार, तुम्हाला अफरवट डोंगराच्या अंगावर सोडते आणि गुडघाभर बर्फातून खाली या म्हणते. मध्यावर पाय असलेली भाच्याची स्की तिथं नाक खुपसून बसते, आणि तुम्ही तिच्या पुढे जाऊन पडता.

त्यामुळे ज्याला एवढं सगळं करायचंच आहे त्याला माझा सल्ला असा की, पहिल्या हंगामात भाच्याच्या स्कीला भोकच पाडू नये. ती सध्या माळ्यावर आडवी ठेवावी, ओल लागणार नाही अशी. गुलमर्गला भाड्याची घ्यावी, नवशिक्याला शोभेल अशी आखूड. तिच्यावरचं बायंडिंग सरकतं, भाड्याने देणारा तुमचा बूट बघून ते तुमच्या हिशेबाने लावून देतो, आणि संध्याकाळी स्की परत करताना पाय कुठं होता हे कुणी विचारत नाही.